अहो सिस्टर, ए मावशी : दवाखान्यातील संबोधनांविषयी

गेल्या हिवाळ्यात ढोकीच्या एका खासगी दवाखान्यात आम्हाला लागोपाठ दोन सकाळी बसून काढाव्या लागल्या. घरातील एक वडीलधारे माणूस तापाने आजारी होते. दवाखाना म्हणजे रस्त्याला लागून दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लाकडी बाके, भिंतीवर औषध कंपनीचे कॅलेंडर आणि दाराशी टेबल टाकून बसलेली वीस-बावीस वर्षांची एक मुलगी. नंबर लावणे, केसपेपर काढणे, पैसे घेणे, ताप पाहणे, आत सलाईनची तयारी करणे आणि मधूनच फरशी पुसणे ही सर्व कामे तिचीच. उसाचा हंगाम असल्यामुळे तोडणीच्या टोळ्यांतील माणसेही होती आणि गर्दी मोठी होती.

पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ आले. "ए पोरी, किती येळ बसवायलीस गं?" असे त्यांनी दारातूनच विचारले. दहा मिनिटांनी आत बोलावणे आले, तेव्हा तेच गृहस्थ टोपी सारखी करून, आवाज अर्ध्यावर आणून "साहेब" म्हणाले. आतले डॉक्टर त्यांच्या मुलाच्या वयाचे असावेत. त्यानंतर एक म्हातारी आली आणि त्याच मुलीला म्हणाली, "माय, माझी तेवढी चिठ्ठी लाव की." वयाने नात शोभेल अशा मुलीला 'माय' म्हणणे मराठवाड्यात नवे नाही. आमचे कान मात्र पंधरा मिनिटांच्या अंतराने आलेल्या या दोन हाकांनी उभे राहिले.

दुसऱ्या सकाळी आमचा नंबर हुकला. आम्ही ताडकन उठून टेबलाशी गेलो आणि म्हणालो, "अहो, तुम्हाला काही समजते की नाही?" 'अहो' होते, 'तुम्हाला' होते. व्याकरणाच्या दृष्टीने आदरार्थी बहुवचन अगदी निर्दोष होते आणि त्याच्याइतके उद्धट वाक्य त्या दोन दिवसांत त्या खोलीत कुणी उच्चारले नसेल. नाव पुकारले तेव्हा आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेत होतो, हे नंतर कळले. ती मुलगी काही बोलली नाही. तिने कागद वर घेतला आणि पुढच्या माणसानंतर आम्हाला आत सोडले.

हा लेख त्या वाक्याच्या लाजेतून सुरू झाला, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. भाषा-साहित्याचा व्यवसाय करणारी आम्ही माणसे संबोधनांचा अभ्यास संतवाङ्मयात करतो, पत्रवाङ्मयात करतो, नाटकाच्या संवादात करतो. दवाखान्याच्या दाराशी बसलेल्या माणसाला मराठी समाजाने आजवर काय म्हटले आणि का म्हटले, हा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात सहसा येत नाही.

डॉक्टरच्या बाबतीत मराठीची अडचण कधी झालेली दिसत नाही. वैद्यबुवा, वैद्यराज, हकीमसाहेब, डॉक्टरसाहेब अशी आदराची उपपदे तयारच होती. खालच्या पायरीवर मात्र दोन प्रकारचे शब्द दिसतात. एक, नुसते कामाचे नाव, जसे कंपाउंडर, वॉर्डबॉय, आया. दुसरे, नात्याचे नाव. झाडू मारणारी, बेडपॅन उचलणारी स्त्री ती 'मावशी' आणि स्ट्रेचर ढकलणारा पुरुष तो 'मामा'. शाळेतल्या शिपायांनाही हीच नावे मिळतात. ही दोन्ही नाती आईच्या बाजूची आहेत, हे आम्हाला लक्षणीय वाटते. काका आणि आत्या घरातले, हक्काचे, वाटणीत बसणारे. मामा-मावशींकडून लाड मागायचे असतात, त्यांना हिशोब द्यायचा नसतो. ढोकीच्या जवळच तेर आहे आणि तेथील संत गोरा कुंभार यांना सारा मुलूख 'गोरोबाकाका' म्हणतो. तेथे नात्याचा शब्द माणसाला उंच नेतो. दवाखान्यातल्या 'मावशी'चे तसे होत नाही. तिला मावशी म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात तिला एकेरीत दटावू शकतो, कारण नात्याने तो हक्कही दिलेला असतो. अर्थात हा नियम नव्हे. शेजारच्या बार्शीत कर्मवीर जगदाळे यांना 'मामा' म्हणतात ते निखळ आदराने, आणि त्यांच्या नावाचे रुग्णालयही 'जगदाळे मामा' याच नावाने ओळखले जाते. शब्द तोच असला तरी तो कोणासाठी उच्चारला जातो त्यावर त्याचे वजन ठरते.

'कंपाउंडर' या शब्दाची कथा थोडी वेगळी आहे. डॉक्टरने लिहिलेले मिश्रण खलात घोटून, बाटलीला कागदाच्या खुणा चिकटवून देणारा तो कंपाउंडर. १९४८ च्या फार्मसी कायद्यानंतर नोंदणीकृत औषधनिर्मात्याचा वर्ग तयार झाला, पुढे तयार गोळ्यांची पाकिटे आली आणि कंपाउंडरचे मूळ काम संपले. शब्द मात्र उरला, आणि उरला तो थट्टेसाठी. ऑगस्ट २०२० मध्ये एका खासदारांनी आपण डॉक्टरपेक्षा कंपाउंडरकडून औषध घेणे पसंत करतो, अशा अर्थाचे विधान केले तेव्हा डॉक्टरांच्या संघटना संतापल्या. कंपाउंडरशी तुलना हा अपमान आहे, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले होते. या वादात कंपाउंडरांना काय वाटले, हे विचारावे असे कोणाला सुचल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

प्राचीन ग्रंथांकडे वळलो तर आरंभ फार आशादायक दिसतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारक हा तेथे स्वतंत्र पाद आहे. प्रत्येक पादाचे चार गुण दिले आहेत. परिचारकाचे गुण म्हणजे उपचाराचे ज्ञान, दक्षता, शुचिता आणि स्वामीविषयी अनुराग. पहिले तीन गुण कोणत्याही कुशल माणसाला लागू पडावेत असे आहेत. चौथ्याने मात्र त्याला सेवकाच्या जागी बसवले आहे, कारण वैद्याच्या गुणांत असा अनुराग मागितलेला नाही. रोग्याचे गुण तर अधिकच उद्बोधक आहेत. त्याला स्मरण असावे, त्याने सांगितलेले ऐकावे, भिऊ नये आणि आपला आजार नीट सांगता यावा. परिचारकाशी त्याने सौजन्याने वागावे, हे त्या यादीत नाही. आज सरकारी मराठीत नर्ससाठी 'परिचारिका', तिच्या वरच्या पदांसाठी 'परिसेविका' आणि 'अधिसेविका' असे शब्द रूढ आहेत. त्या घडणीत सेवा आहे, ज्ञान कोठे आहे ते शोधावे लागते. 'वैद्य' हा शब्दच 'विद्' धातूचा आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही विषमता अधिक स्पष्ट दिसेल.

ग्रंथ बाजूला ठेवून गावाकडे पाहिले तर प्रश्न ज्ञानाचा कमी आणि स्पर्शाचा अधिक होता. रक्त, विष्ठा, पू, वार यांना हात लावणारा माणूस समाजाने खाली ठेवला. बाळंतपण करणारी सुईण अनेक गावांत अस्पृश्य मानलेल्या जातींतील असे. अडलेल्या रात्री तिला हाक मारायला माणूस धावत जाई, आणि बारा दिवस उलटले की तीच स्त्री उंबऱ्याच्या बाहेर. त्या एका रात्री तिला जे आर्जवी शब्द मिळत असतील त्यांना सौजन्य म्हणावे का, याविषयी आम्हाला शंका आहे. स्पर्शाचा हा दंडक रोग्यालाही सोडत नसे. डॉ. आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात १९२९ साली 'यंग इंडिया'त आलेले काठियावाडातील एका शिक्षकाचे पत्र नोंदवले आहे. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीबाहेर थांबला, थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातून नवऱ्याकडे आणि नवऱ्याकडून तिच्याकडे गेला आणि त्याच क्रमाने परत आला. ती स्त्री वाचली नाही. डॉक्टरची प्रतिष्ठा न शिवण्यात होती, सुईणीची अप्रतिष्ठा शिवण्यात. आधुनिक रुग्णालय आले तेव्हा त्याला याच समाजातून अशी माणसे हवी होती की जी दिवसभर परक्या देहांना शिवतील, आणि तरीही ज्यांना कोणी हीन मानणार नाही.

आधी ही माणसे मिशनच्या रुग्णालयांत तयार झाली. डॉ. विल्यम वानलेस यांचे मिरजेचे रुग्णालय १८९४ चे. ढोकीच्या वाचकांना मिरज दूर वाटू नये. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी धावू लागलेली बार्शी लाईट रेल्वे १९११ मध्ये ढोकीवरून लातूरला पोहोचली आणि १९२७ मध्ये दुसरे टोक मिरजेला जोडले गेले. त्या अरुंद रुळांवरून निजामाच्या मुलुखातला माणूस ब्रिटिश हद्दीतल्या बार्शीला आणि तेथून थेट मिरजेच्या मिशन दवाखान्यापर्यंत जाऊ शकत होता. 'दवाखाना' हा फारसी वळणाचा शब्द आणि 'साहेब' ही दरबारी लकब त्याच्याजवळ होतीच. 'सिस्टर' हा शब्द त्याला तिकडे भेटला असावा. मौज अशी, की 'सिस्टर' हाही मुळात नात्याचाच शब्द, जोगिणींच्या मठांतून इंग्रजी रुग्णालयांत आलेला. मराठी कानाला त्यातले नाते ऐकू आले नाही. 'बहीण' म्हणताना जी जवळीक आणि जो हक्क येतो तो 'सिस्टर'मध्ये आला नाही, आणि म्हणूनच कदाचित ते पदनाम होऊ शकले. आता तर पुरुष परिचारकाला 'ब्रदर' म्हणतात आणि तेही कोणाला भाऊ वाटत नाही.

हिंदू घरांतील, विशेषतः ब्राह्मण घरांतील स्त्री या कामात येणे ही पुढची आणि अधिक अवघड पायरी होती. येथे पुण्याच्या सेवासदनाकडे वळावे लागते. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. शिवण, शिक्षिकांचे प्रशिक्षण यांच्या बरोबरीने संस्थेने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकांचे शिक्षण हाती घेतले. शिक्षिका होण्याला त्या काळापर्यंत थोडीफार मान्यता मिळाली होती. परिचारिका होण्याला नव्हती. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे, मळमूत्र उचलायचे, म्हणजे त्या काळच्या पांढरपेशा घराला जे जे वर्ज्य ते सारे एकाच व्यवसायात एकत्र आलेले. त्यामुळे येथे आलेल्या पुष्कळशा स्त्रिया विधवा होत्या, ज्यांच्याकडे गमावण्यासारखी प्रतिष्ठा समाजाने उरू दिली नव्हती.

सेवासदनाच्या एका वार्षिक स्नेहसंमेलनातील प्रसंग रमाबाईंच्या चरित्रात सांगितला जातो. बक्षीससमारंभ चालू होता. जुन्या पद्धतीचे लुगडे नेसलेली, केशवपन केलेल्या मस्तकावरून पदर घेतलेली एक विधवा आपले बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. सज्जात महाविद्यालयातील विद्यार्थी बसले होते. त्यांनी हुर्यो केली, चेष्टेचे आवाज काढले. रमाबाई त्या क्षणी काही बोलल्या नाहीत. समारोपाच्या भाषणात मात्र त्यांनी त्या विद्यार्थ्यांना धारेवर धरले. तुम्ही महाविद्यालयात जाता, पण तुम्हाला सुशिक्षित कसे म्हणावे, असा त्यांचा प्रश्न होता. तुमच्याच घरांत अशा दुर्दैवी बहिणी असतील, आणि त्यांतली एक स्वतःच्या पायावर उभी राहते तेव्हा तुम्हाला हसू येते, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभागृह स्तब्ध झाले, असे सांगतात.

हा प्रसंग आम्ही अनेकदा वाचला होता आणि प्रत्येक वेळी रमाबाईंच्या बाजूने उभे राहून वाचला होता. ढोकीच्या त्या सकाळीनंतर तो वाचताना आम्हाला आमची जागा सज्जात दिसली. हुर्यो करणारे गावगुंड नव्हते, मद्यपी नव्हते, अडाणी नव्हते. ते पुण्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी होते, संस्कृत आणि इंग्रजी काव्य शिकणारे, कदाचित पुढे प्राध्यापक झालेले. शिक्षणाने उद्धटपणा जातो हे गृहीत धरून आपण सौजन्याचा विचार करतो. येथे तर शिक्षणानेच त्यांना सज्जातली जागा दिली होती.

दुसरी गोष्ट अशी, की प्रसंग ज्या रूपात सांगितला जातो त्यात रमाबाईंचे भाषण आहे, विद्यार्थ्यांचा हुर्यो आहे, लुगडे आहे आणि पदर आहे. बक्षीस घेणाऱ्या स्त्रीचे नाव त्यात नाही. तिने बक्षीस कशाबद्दल मिळवले, पुढे किती वर्षे काम केले, हे त्यात नाही. तिचा सन्मान राखण्यासाठी सांगितलेल्या गोष्टीतही ती दुर्दैवी विधवा म्हणूनच उरते. रमाबाईंना याचा दोष देणे अन्यायाचे होईल. त्या काळी करुणेचे आवाहन हेच त्यांच्या हाती असलेले सर्वांत प्रभावी साधन होते, आणि त्यांच्यासारख्या स्त्रीने ते उघड सभेत वापरणे हे लहान धाडस नव्हते. पण परिचारिकेविषयी आपण आजही जे चांगले बोलतो ते याच वळणाने बोलतो. ती त्यागी आहे, प्रेमळ आहे, देवदूत आहे, असे आपण म्हणतो. तिला पुष्कळ कळते, असे क्वचितच म्हणतो.

आपल्या साहित्याने हेच केले आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये वारल्या. त्यांच्यावर काशीबाई कानिटकरांचे चरित्र आहे, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आहे, तिच्यावरचे नाटक आहे, चित्रपट आहे. ते सारे योग्यच आहे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर शांतारामबापूंनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. त्यांच्या चिनी पत्नी गुओ चिंगलान परिचर्येच्या क्षेत्रातल्या होत्या, हे सोलापुरातही किती जणांना ठाऊक आहे? परिचारिकेला मध्यभागी ठेवणारे चित्रपट आठवायचे तर आधी 'खामोशी' (१९६९) आठवतो, जो मुळात बंगाली कथेवरचा आहे. मराठी कथा-नाटकांत कंपाउंडर येतो तो बहुधा विनोदासाठी, नर्स येते ती बहुधा ट्रे घेऊन.

आता परत मराठवाड्याकडे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रांची योजना सुरू झाली होती. सपाट प्रदेशात तीस हजार वस्तीला एक केंद्र आणि पाच हजारांना एक उपकेंद्र, असे पुढे मान ठरले. उपकेंद्रातली सहायक परिचारिका म्हणजे गावाची 'नर्सबाई'. परगावची, बहुधा एकटी राहणारी, पगार घेणारी स्त्री. तिचे दार रात्री वाजवण्याचा अधिकार साऱ्या गावाला होता आणि तिच्याविषयी पारावर वाटेल ते बोलण्याचाही.

तिच्याशी लोक फटकून का वागत, याचे उत्तर मात्र केवळ लोकांच्या स्वभावात शोधले तर इतिहासावर अन्याय होईल. आणीबाणीच्या काळात नसबंदीचे उद्दिष्ट शिक्षकांप्रमाणे आरोग्य कर्मचाऱ्यांच्याही गळ्यात बांधले गेले. जानेवारी १९७६ मध्ये बार्शीत भरलेल्या शिबिरासाठी आसपासच्या खेड्यांतून गावात आलेल्या माणसांना रस्त्यावरून बळजबरीने उचलून नेल्याची हकिकत आणीबाणीवरील अभ्यासांत नोंदली गेली आहे. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. बार्शी हा ढोकीच्या माणसाचा बाजार आणि दवाखाना. त्यानंतर पांढरी साडी नेसलेली बाई वही घेऊन दारात आली तर घरातला पुरुष तिला पाणी विचारेल, ही अपेक्षा कशी करावी? वरून आलेल्या सक्तीचा चेहरा म्हणून तीच दारात उभी असे, आणि हुकूम सोडणारा अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी. पुण्यात १८९७ च्या प्लेगात घरे तपासणाऱ्या सोजिरांचा संताप लोकांनी रँडपर्यंत पोहोचवला. त्याच साथीत हडपसरजवळ मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात रोगी आणता आणता सावित्रीबाई फुले १० मार्च रोजी वारल्या. एकाच वर्षात, एकाच शहराच्या परिसरात आरोग्याच्या नावाने दारात येणारी ही दोन माणसे. लोकांना त्यांच्यातला फरक नीट कळत होता.

आणि दवाखान्याची स्वतःची जीभही काही गोड नव्हती, हेही सांगायला हवे. सरकारी रुग्णालयाच्या खिडकीशी 'ए म्हातारे, सरक तिकडं' हे ऐकलेला माणूस जेव्हा पुढे खासगी दवाखान्यात पन्नास-शंभर रुपये मोजतो, तेव्हा तो औषधाबरोबर थोडा आवाज चढवण्याचा हक्कही विकत घेतो, अशी आमची समजूत आहे. तो आवाज डॉक्टरवर चढवता येत नाही, म्हणून टेबलाशी बसलेल्या मुलीवर चढतो. टोपीवाल्या गृहस्थांचे 'ए पोरी' आम्हाला म्हणूनच आमच्या 'अहो'पेक्षा क्षम्य वाटते. त्यांना त्याच सुरात बोलावले गेले असण्याचा संभव मोठा आहे. आम्हाला तसे कोणी क्वचितच बोलावले असेल.

या प्रश्नावर दोन ठिकाणी जे झाले ते मराठीच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे, आणि दोन्ही ठिकाणे याच टापूतली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. बाहेरून आलेल्या परिचारिकांना गावे आपले मानीनात, तेव्हा गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले गेले. त्यांतल्या अनेक दलित होत्या, अनेक निरक्षर. ज्या हाताचे पाणी चालत नव्हते त्या हाताने बाळंतपण करून घेणे ही तर गावाची जुनीच रीत. नवे होते ते हे, की आता ती स्त्री सल्ला देत होती आणि तो ऐकावा लागत होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण जामखेडच्या कामाचा खरा भार या स्त्रियांनीच वाहिला.

दुसरे ठिकाण आमच्या जिल्ह्यातले, तुळजापूर तालुक्यातील अणदूर. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना प्राथमिक उपचारांचे शिक्षण दिले आणि त्यांना नाव दिले 'भारतवैद्य'. भाषेच्या विद्यार्थ्यांनी या शब्दापाशी थोडे थांबावे. सेविका नव्हे, सहायिका नव्हे, मदतनीस नव्हे. ज्या शब्दावर अडीच हजार वर्षे पुरुषांचा आणि वरच्या जातींचा हक्क होता, तो 'वैद्य' हा शब्दच शेतमजुरी करणाऱ्या बाईला दिला. त्या नावाने गावातली बोलण्याची रीत एका दिवसात बदलली असेल असे आम्ही म्हणणार नाही. नावाला इतके बळ नसते. पण हाक मारताना 'विद्' धातू तोंडात येणे आणि 'सेव्' धातू येणे यांत फरक आहे, आणि तो फरक ज्या कोणाला सुचला त्याला भाषा कळत होती.

सरकारने पुढे याच धर्तीवर देशभर स्त्रिया नेमल्या तेव्हा वेगळी वाट धरली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली 'आशा' हे इंग्रजी आद्याक्षरांचे गोड मराठी नाव. गोडवा इतका की ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे, हे त्यामागे झाकले जाते. तिला वेतन नाही, कामाप्रमाणे मोबदला आहे. करोनाच्या काळात तिला घरोघर पाठवले गेले, अनेक ठिकाणी तिच्या अंगावर लोक धावून गेले आणि जून २०२१ मध्ये राज्यातील आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. त्या गौरवाच्या बातमीतही अनेक ठिकाणी त्यांना 'आशाताई' म्हटले होते. पुन्हा नाते.

कायद्याने आपल्या परीने दखल घेतली आहे. महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवेतील व्यक्ती आणि संस्था यांच्यावरील हिंसेला प्रतिबंध करणारा कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्यात डॉक्टरांबरोबर परिचारिका, विद्यार्थी आणि इतर निमवैद्यकीय कर्मचारीही येतात. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. मार्च २०१७ मध्ये धुळ्याला एका निवासी डॉक्टरला मारहाण झाली तेव्हा राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले होते आणि ते वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले होते. वॉर्डातल्या मावशीला कोणी ढकलले तर ती कोणत्या पानावर येते, हे वाचकांनी आपापल्या स्मरणातून तपासावे. कायदा हात उचलल्यावर सुरू होतो. त्याआधीच्या 'ए'ला कलम नाही, आणि असूही नये असेच आमचे मत आहे. सौजन्य पोलीस ठाण्यात नोंदवण्याची वस्तू झाली तर तिचे काय होईल याची कल्पना करवत नाही.

रुग्ण बरे झाल्यावर आठवडाभराने आम्ही राहिलेले पैसे द्यायला त्या दवाखान्यात पुन्हा गेलो. दुपारची वेळ होती, बाके रिकामी होती, मुलगी टेबलावर डबा उघडून बसली होती. आम्ही त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. तिला प्रसंग आठवत नव्हता. "रोज कुणी ना कुणी बोलतंच की," ती सहजपणे म्हणाली. रक्तदाब तपासायला ती कोठे शिकली असे विचारले, तर डॉक्टरांनी दाखवले आणि बाकीचे बघून बघून आले, असे म्हणाली. मग आम्ही तिचे नाव विचारले. तिचा घास हातातच थांबला.

"नाव कशाला?" तिने विचारले. "तक्रार करायची हाय का?"

नाही, असे आम्ही दोनदा सांगितले. तिने आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिले, डब्याचे झाकण लावले आणि आमची पावती फाडून दिली.